काळोखातली अंघोळ

मी रात्री दिवा न लावता अंघोळ करतो. एवढे एक वाक्य लिहायला सोपे आहे. पण ते घरात गळी उतरवायला मला दोन वर्षे लागली. पहिल्या रात्री हिने बाहेरून विचारले, "दिवा गेलाय का हो?" म्हटले, "नाही, आहे." "मग?" या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी हिने बल्ब बदलून घेतला. तिसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने बटण चार वेळा खालीवर केले, चारही वेळा दिवा लागला, आणि "काका, लाइन ओके आहे" असे तो ज्या सुरात म्हणाला, त्यावरून बिघाड दुसरीकडे कुठे तरी आहे असे त्याचे मत झालेले स्पष्ट दिसत होते.

शेजारच्या आप्पांना मात्र यात काटकसरीचा वास आला. त्यांनी लगेच कागद-पेन्सिल मागवली. नऊ वॉटचा दिवा, रोजची दहा मिनिटे, तीनशे पासष्ट दिवस. हिशेब वर्षाला जेमतेम अर्ध्या युनिटावर आला. आप्पा इतके खट्टू झाले, की चहा अर्धा टाकून गेले. माणूस फायद्याशिवाय काळोखात उभा राहतो, ही गोष्ट त्यांना अजून पटलेली नाही.

वास्तविक फायदा आहे. पण तो कागदावर मांडता येत नाही. दार लावले, कडी घातली, की आधी काहीच दिसत नाही. मग गीझरचा लाल डोळा दिसतो. त्या डोळ्याला पाठ करून उभे राहायचे आणि शॉवर सोडायचा. उजेडात पाणी दिसते, म्हणून आपण ते ऐकत नाही. काळोखात आधी पाण्याचा आवाज येतो. डोक्यावर एक, खांद्यावर दुसरा, फरशीवर तिसरा. साबण कुठे आहे हे हाताला ठाऊक असते. आणि आरसा? आरसा असतो तिथेच, पण तो बोलत नाही. साठी उलटलेल्या माणसाला आरशाने दिवसातून एकदाच, सकाळी दाढीच्या वेळी सत्य सांगितले तरी पुरे. रात्री पुन्हा पोट दाखवण्याचे काही कारण नाही. काळोखात मला पोट नसते, टक्कल नसते, पेन्शन नसते. दहा मिनिटांनी मी बाहेर येतो तेव्हा खांदे दोन बोटे खाली उतरलेले असतात.

आता आपण जे करतो ते पूर्वी कोणी तरी थोर माणसाने केलेले असावे, ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी हौस. नुसते आवडते म्हणून करतो, असे म्हणायची आपल्याला लाज वाटते. म्हणून मी पुस्तके धुंडाळायला लागलो, आणि मला थेट रोमचा सेनापती भेटला.

इसवी सनापूर्वी २०२ साली झामाच्या लढाईत हॅनिबलचा पराभव करणारा सिपिओ आफ्रिकानुस. रोमचे राज्य वाचवल्यावर रोमच्या राजकारणाने त्याचे जे करायचे ते केले; वैतागून तो लिटर्नुम नावाच्या गावी आपल्या शेतावरच्या घरी जाऊन राहिला आणि तिथेच वारला. त्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी सेनेका हा तत्त्वज्ञ त्या घरात मुक्कामाला गेला. त्याने काय पाहावे? दगडी घर, बुरूज, सैन्याला पुरेल एवढे पाण्याचे टाके, आणि एक न्हाणीघर. अरुंद आणि काळोखे. भिंतीत खिडक्या नव्हत्या. किल्ल्याची मजबुती कमी होऊ नये अशा बेताने ठेवलेल्या नुसत्या फटी होत्या. न्हाणीघर काळोखे असल्याशिवाय ते ऊबदार होत नाही, अशी जुन्या रोमन लोकांची समजूत होती, असे सेनेकाने एका पत्रात नमूद केले आहे. मी ते पत्र हिला वाचून दाखवले. ही म्हणाली, "त्याच्याकडे गीझर नव्हता." बायकांना इतिहासाचा पुरावा कुठे मारायचा हे बरोबर कळते.

पण सेनेकाचे ते पत्र मुळातून वाचण्यासारखे आहे. सिपिओच्या फटींवरून तो जो सुटतो, तो थेट आपल्या काळातल्या लोकांवर घसरतो. भिंतीला आरसे नाहीत, परदेशी संगमरवर नाही, तोट्या चांदीच्या नाहीत, तर आजकाल लोक स्वतःला दरिद्री समजतात. दिवसभर ऊन आत येईल अशा मोठाल्या खिडक्या नसतील, तर त्या न्हाणीघराला किड्यामुंग्यांचे बीळ म्हणतात. अंघोळ करता करता अंग रापायला हवे, आणि टबात बसल्या बसल्या शेत नि समुद्र दिसायला हवा! हे वाचताना मला सदनिकांच्या रंगीत जाहिराती आठवल्या. दोन हजार वर्षांत फक्त चौरस फुटाचा भाव बदलला.

सिपिओच्या बाजूने सेनेका जे बोलतो ते तर फारच गमतीचे. तो म्हणतो, की सिपिओ रोज अंघोळ करत नव्हता. त्या काळी लोक हातपाय रोज धूत आणि सबंध अंग आठवडी बाजाराच्या दिवशी. पाणीही गाळलेले नसे; पाऊस झाला की गढूळच यायचे. पण तो शेत नांगरून दमलेला माणूस त्या काळोखात घाम धुवायला जात होता. अंगाला तेल-अत्तर लावायला नव्हे. एवढेच काय, सार्वजनिक स्नानगृहांच्या पाण्याची ऊब बरोबर आहे की नाही हे नगराचे मोठे अधिकारी स्वतः हात घालून तपासत असत. आपल्याकडे नगरपालिकेचा कोणी साहेब बादलीत हात घालून पाहतोय, हे चित्र मी काही वेळ डोळ्यांसमोर आणून पाहिले. आले नाही.

हा मधला काळ कशामुळे उजळला? काचेमुळे. खिडकीला पारदर्शक काच बसवायची युक्ती आपल्या डोळ्यांदेखत निघाली, असे सेनेकाच म्हणतो. त्याआधी खिडकी मोठी ठेवली की वारा यायचा आणि पाणी निवायचे. म्हणजे जुनी रोमन समजूत खुळी नव्हती. फट लहान ठेवली तरच ऊब टिकत होती, आणि फट लहान म्हणजे काळोख आलाच. काच आली आणि ऊब अन् उजेड एकत्र राहू लागले. उजेड आला की पाहणारे आले, पाहणारे आले की संगमरवर आला. तिथून अंघोळ ही करायची गोष्ट राहिली नाही, दाखवायची झाली.

या सेनेकाला अंघोळीचा आणखी एक अनुभव होता. काही दिवस तो एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर राहिला होता. खालचे आवाज त्याने एका दुसऱ्या पत्रात मन लावून नोंदले आहेत. वजने उचलणाऱ्यांचे हुंकार, मालीशवाल्याचा चपट्या हाताचा आवाज निराळा आणि पोकळ हाताचा निराळा, पाण्यात धपकन उडी मारणारे, स्वतःच्या गळ्यावर खूश होऊन गाणारा एक, आणि काखेतले केस उपटून देणारा कारागीर. तो गिऱ्हाईक मिळेपर्यंत स्वतः ओरडायचा आणि मिळाले की गिऱ्हाईकाला ओरडायला लावायचा. शिवाय खाऊ विकणारे होतेच. तत्त्वज्ञाला कोलाहलाचा त्रास होता कामा नये, असे पानभर सिद्ध करून शेवटी हे गृहस्थ जागा बदलतो म्हणून मोकळे होतात. चाळीत राहिलेल्या माणसाला असा तत्त्वज्ञ जवळचा वाटतो.

आणि ज्याने अंघोळीवर एवढे लिहिले, त्याचा शेवटही न्हाणीघरातच झाला. इसवी सन ६५ मध्ये नीरोने, त्याच्याच जुन्या शिष्याने, त्याला मरणाचा हुकूम पाठवला. शिरा कापून घेतल्या, विष घेतले, तरी म्हातारा जीव जाईना. अखेर त्याला स्नानगृहात नेले आणि तिथल्या वाफेत तो गुदमरून गेला, असे टॅसिटसने लिहिले आहे. त्या स्नानगृहाला खिडकी केवढी होती, हे त्याने लिहिलेले नाही.

रोमन गेले, पण त्यांची गरम फरशी तुर्कांनी उचलली. आपल्याकडे हमाम म्हणजे साबण. तिकडे ती घुमटाखालची इमारत. इस्तंबूलमध्ये १७४१ साली बांधलेला चालोलू हमाम अजून उभा आहे. या हमामांच्या घुमटात वाटीएवढी गोल भोके ठेवून त्यांत काच बसवतात, आणि त्यांना म्हणतात हत्तीचे डोळे. दिवसाउजेडी आत बसले तरी उजेड वरून काठीसारखा खाली येतो आणि वाफेत विरघळतो. कोणाचे तोंड धड दिसत नाही. सिपिओचा काळोख आणि सेनेकाच्या काळातला झगझगाट यांच्यामधली ही तडजोड मला तरी मान्य आहे.

फिनलंडच्या माणसांनी तडजोडही केली नाही. त्यांचा जुना सावना हा धुराचा. लाकडी खोली, आत दगडांची भट्टी, आणि धुराडे नाही. काही तास लाकडे जाळायची, खोली धुराने भरू द्यायची, विस्तव विझला की धूर बाहेर घालवायचा आणि मग त्या काजळीने काळ्या झालेल्या भिंतींमध्ये जाऊन बसायचे. बाळंतपणे तिथेच व्हायची, मेलेल्या माणसाला शेवटची अंघोळही तिथेच घालत. २०२० साली युनेस्कोने फिनलंडच्या सावनाला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. हे हिला सांगितल्यापासून आमच्याकडे वायरमन आलेला नाही.

तुम्ही म्हणाल, परदेशातली उदाहरणे कशाला, दिवाळी विसरलात काय? नाही विसरलो. नरकचतुर्दशीला पहाटेच्या काळोखात घंगाळातले कढत पाणी, अंगाला चोपडलेले तेल, उटण्याचा वास आणि पायाखाली चिरडायचे ते कारीट! सूर्य उगवल्यावर नाहील तो नरकात जाईल, या एका धमकीवर आमच्या सबंध पिढीची वर्षातली एक तरी अंघोळ वेळेवर झाली. प्रातःसंध्येचेही तेच: तारे दिसत असताना केली तर उत्तम, तारे दिसेनासे झाले की मध्यम, सूर्य आला की कनिष्ठ. संध्येआधी स्नान, म्हणजे उत्तम माणसाने काळोखातच नाहायला हवे. तेवढ्यावर मी खूश होतो, तो मनुस्मृती आडवी आली. जेवणानंतर नाहू नये, आजारपणी नाहू नये, मध्यरात्री नाहू नये आणि अनोळखी पाण्यात नाहू नये. माझी वेळ रात्री साडेनऊची, जेवणानंतरची. काळोख शास्त्रात बसतो, घड्याळ बसत नाही.

पण शास्त्रात नसलेलाही एक काळोख होता. लहानपणी आम्ही पुण्यात एका वाड्यात राहत होतो. मागे न्हाणी, तिच्याबाहेर तांब्याचा बंब, आणि अंगणात आड. पहाटे चार-साडेचारला रहाटाचा आवाज यायचा. तेव्हा कोण नाहते हे आम्हा मुलांना ठाऊक होते, आणि त्या वेळी परसात जायचे नाही हेही ठाऊक होते. वाड्यात एक सोवळ्या आजी होत्या. लाल आलवण, डोईवरून घेतलेला पदर. सकाळी उठल्या उठल्या त्यांचे तोंड कोणाला दिसू नये, म्हणून सगळा वाडा उठायच्या आत त्यांनी अंघोळ उरकून आपल्या खोलीत जायचे, असा रिवाज होता. कोणी केला, कधी केला, ते कोणी सांगत नव्हते. कंदील नेला तर उजेड दिसतो, म्हणून कंदीलही नाही. थंडीत बंब पेटायच्या आधी आडाचे पाणी तेवढे कोमट.

त्यांच्यानंतर बाकीच्या बायका. सुना, सासवा, भाडेकरणी. सगळ्या पुरुष उठायच्या आत. न्हाणीला दार होते, पण त्याला फटी होत्या, आणि सिपिओच्या फटीतून फक्त उजेड आत येत होता. वाड्याबाहेर, ज्यांच्या घराला न्हाणीच नव्हती अशा घरांमधून तर दोन बाजूंना लुगडे बांधून, तांबडे फुटायच्या आत, अंगावरच्या वस्त्रानिशी दोन तांबे घेतले की झाली अंघोळ. हे फार जुने नाही आणि सगळीकडचे संपलेलेही नाही. काळोखातल्या अंघोळीची कीर्ती गाताना मला रोमन सेनापती दोन पुस्तकांत सापडला. पहाटेच्या काळोखात नाहून गेलेल्या या सगळ्या बायका कुठल्याच पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत नाहीत.

त्या आजींना मी एकदा, वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी, बालसुलभ आगाऊपणाने विचारले होते, "तुम्हाला अंधारात भीती नाही वाटत?" त्या निवडत होत्या ते तांदूळ तसेच सुपात राहू देऊन म्हणाल्या, "अंधाराची कसली भीती रे. तेवढ्या वेळात मला कोणी काही सांगत नाही." आणि पुन्हा निवडायला लागल्या. त्या वेळी मला वाटले, त्यांनी माझ्या प्रश्नाचे उत्तरच दिले नाही.

विजेचा दिवा न्हाणीत यायला फार वेळ लागला. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात १८८२ साली विजेचे दिवे लागले. आमच्या वाड्याच्या न्हाणीत तो लागायला माझी मुंज व्हावी लागली. तोही 'झिरो'चा. झिरोचा दिवा म्हणजे शून्य वीज, या श्रद्धेवर मालक निर्धास्त होते. प्रत्यक्षात तो पंधरा वॉट खातो, हे त्यांना कोणी सांगितले नाही. त्या मंद दिव्यात आपण नक्की कोणाचे अंग चोळतो आहोत एवढे कळायचे. पण बायकांच्या अंघोळी दिवा आल्यावरही पहाटे काळोखातच होत राहिल्या. आत दिवा आणि दाराला फटी, हे गणित त्यांना लगेच कळले होते. मग कोणी तरी दाराला आतून पत्रा ठोकला. आमच्या वाड्याच्या इतिहासात मी दिव्यापेक्षा त्या पत्र्याला मोठे मानतो. पत्रा आला त्यानंतर बायका उजाडल्यावर नाहू लागल्या, आणि एकदा तर माझ्या आईने आत चक्क गाणे म्हटले.

१९७१ च्या डिसेंबरात लढाई सुरू झाली तेव्हा न्हाणीच्या झरोक्याला काळा कागद लागला आणि ब्लॅक-आउटचे ते पंधरवडाभराचे दिवस सगळा वाडा, पुरुषांसकट, काळोखात नाहला. पुरुषांनी फार तक्रारी केल्या. कोणाच्या डोळ्यांत साबण गेला, कोणी दुसऱ्याचा पंचा नेसून बाहेर आले. बायका काहीच बोलल्या नाहीत. त्यांना सवय होती.

काळोखाला किंमत यायला मात्र अमेरिकेत जावे लागले. १९५४ साली तिथल्या सरकारी मनोरोग संशोधन संस्थेत जॉन लिली नावाच्या डॉक्टराला प्रश्न पडला, की मेंदूला बाहेरून काहीच मिळाले नाही, उजेड नाही, आवाज नाही, तर तो झोपी जाईल का? त्याने एक पाण्याचे टाके केले. काळोखे, आवाजबंद, अंगाइतकेच कोमट पाणी. त्यात तो स्वतःच तरंगत राहिला. मेंदू झोपला नाही. उलट त्याला मोकळे रान मिळाले. पुढे १९७० नंतर अशी टाकी विकायला आली, पाण्यात भरपूर एप्सम मीठ घालून; म्हणजे माणूस बुडत नाही. आता शहराशहरांत तासाच्या भाड्याने काळोख मिळतो. हे ऐकून आप्पांनी पुन्हा कागद-पेन्सिल मागवली. या वेळी आमची न्हाणी भाड्याने द्यायचा हिशेब करायला.

झोपेचे शास्त्रज्ञही हळूहळू माझ्या बाजूला येत आहेत. गरम पाण्याने हातापायांच्या कातडीकडे रक्त धावते, आतली ऊब बाहेर पडते, आणि शरीर निवू लागले की झोप येते. निजण्याआधी तास-दोन तास, ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने नाहिल्यास झोप सरासरी १० मिनिटे लवकर लागते, असे २०१९ साली टेक्सासच्या विद्यापीठातल्या लोकांनी अनेक अभ्यास चाळून सांगितले. प्रखर उजेडाने रात्री झोपेचे मेलॅटोनिन दबते, हे माणसांच्या बाबतीत १९८० सालीच दिसून आले होते. ही दोन्ही कात्रणे मी न्हाणीघराच्या दारावर चिकटवली आहेत. बाहेरच्या बाजूला; आत वाचता येत नाहीत.

एवढे सगळे असले तरी आमचा नवा काळोख पूर्वीच्या काळोखाचा सख्खा भाऊ नाही. माझ्या काळोखाला बटण आहे आणि ते माझ्या हाताशी आहे. ही अजून उजेडातच अंघोळ करते. एकदा मी आग्रह केला, "अगं, एकदा करून तरी बघ, किती शांत वाटतं." ती पदर खोचत म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या वाड्यात चार वर्षं केली की. माझा कोटा संपला." आणि दिवा लावून, कडी घालून, आत गेली. पाऊण तासाने आली.

गेल्या वर्षी मुलाच्या नव्या फ्लॅटवर आठवडाभर राहायला गेलो. तिथल्या न्हाणीघराला बटणच नाही. माणूस आत शिरला की दिवा आपोआप लागतो, आणि काही वेळ हालचाल जाणवली नाही की आपोआप जातो. मुलाने मोठ्या कौतुकाने दाखवले. मी पहिल्या रात्री शॉवर सोडून निमूट, दत्ताच्या मूर्तीसारखा उभा राहिलो. दोन मिनिटे, तीन मिनिटे. दिवा गेला. काय सुख वाटले! मग साबण घ्यायला हात पुढे केला, तर लख्ख उजेड. पुन्हा उभा. पुन्हा काळोख. असे चार वेळा झाल्यावर मी साबणाचा नाद सोडला. बाहेरून सूनबाईंचा आवाज आला, "बाबा, काही होतंय का? दिवा सारखा लागतोय-जातोय." म्हटले, "नाही गं, लाइन ओके आहे."